दिवा बॅटरीचा, दोष भलत्याचाच!

गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. तो चालत्या गाडीत लागला की आपण गॅरेजला जातो आणि गॅरेजवाला बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, "भाऊ, बॅटरी गेली."

या तीन शब्दांवर आपल्या तालुक्यात किती चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील, देव जाणे. त्यात एक माझी आहे, म्हणून ही पोस्ट.

आधी सरळ गोष्ट सांगतो. हा दिवा बॅटरी खराब झाल्याचा नाहीच. बॅटरी चार्ज होत नाहीये, एवढंच तो सांगतो. चार्जिंग करतो अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून डायनामो म्हणतात. त्याला फिरवतो इंजिनवरचा पट्टा. म्हणजे पट्टा सैल असेल, तुटला असेल, टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढला असेल, अर्थिंगची वायर ढिली असेल, फ्यूज उडाला असेल, अल्टरनेटरमधले कार्बन झिजले असतील किंवा रेग्युलेटर गेला असेल, तर दिवा एकच लागतो. घरात लाइट गेली म्हणून कोणी आधी फ्रिज बदलत नाही ना राव? गाडीच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

माझं काय झालं ते ऐका. गेल्या हंगामात रात्री गाडी चालवताना हा दिवा मिणमिणायला लागला. दिवसा काही नाही. पहिल्या गॅरेजने मीटर न लावता बॅटरी बदलली. ५,८०० रुपये, वर माझी जुनी बॅटरी त्यांनीच ठेवून घेतली. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल भाऊ, कशाला?" मीही गप्प बसलो. लोकांना हक्क शिकवणारा पत्रकार अठरा टक्के वाचवायला गप्प बसला, हे लिहून ठेवतो.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग आईला अंबाजोगाईला दवाखान्यात दाखवून केजकडे परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ. दिवा लागला, पण बॅटरी तर नवी कोरी, म्हणून मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने हेडलाइट पिवळे पडले, ब्लोअरचा आवाज बसला आणि गाडी बंद. पार्किंग लाइटसुद्धा धड लागेनात. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम, मागे ना रिफ्लेक्टर ना दिवा, आणि मी पाऊण तास मोबाइलची बॅटरी दाखवत रस्त्यावर उभा. एक टेम्पो इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. आई आत होती.

नवी बॅटरी कशी काय उतरली? गणित फार अवघड नाही. हेडलाइटचे दोन बल्ब प्रत्येकी ५५-६० वॉटचे, म्हणजे १२ व्होल्टला तेच साधारण १० अँपिअर खातात. ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्शन धरलं तर रात्रीचा खर्च २५-३० अँपिअरपर्यंत जातो. लहान गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-अवरची. चार्जिंग मिळत नसेल तर कितीही नवी असो, तास-दीड तासाची पाहुणी. आणि माझी तर आठ-दहा दिवस अर्धपोटीच होती.

दुसऱ्या दिवशी दुसरं गॅरेज. तिथे निदान, "अल्टरनेटर गेला. अकरा हजार." मीटर? नाही. उलट त्याने चालू गाडीत बॅटरीची वायर काढायला हात घातला, गाडी चालू राहते का बघायला. ही पद्धत जुन्या गाड्यांसाठी खपून जायची. आजच्या गाडीत चालू इंजिनवर बॅटरी सोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि कॉम्प्युटरचा बोर्ड जाऊ शकतो. त्याचा खर्च अल्टरनेटरपेक्षा मोठा. कोणी असं करत असेल तर सरळ हात धरा.

शेवटी बसस्टँडमागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. टपरीएवढं दुकान, त्यात एक मीटर. आधी इंजिन बंद ठेवून बॅटरीवर मीटर लावला. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, माझी १२.१. मग गाडी चालू केली, १३.९ आलं. मी म्हटलं, मग तर चार्जिंग आहे! चाचा म्हणाले, "थांबा ना." हेडलाइट लावले, ब्लोअर फुल केला, काच तापवायची जाळी चालू केली. आकडा १२.४ वर घसरला आणि दिवा मिणमिणला. मग गाडी बंद करून त्यांनी अंगठ्याने पट्टा दाबला आणि मला दाखवला. आतून काचेसारखा गुळगुळीत. लोड आला की घसरत होता. म्हणून दिवसा ठीक, रात्री बोंब!

पट्टा आणि मजुरी मिळून ९५० रुपये. मग परत मीटर: सगळे दिवे लावून १४.१. काम झालं.

तर लक्षात ठेवा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक. १३ च्या खाली राहिलं तर होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा, बॅटरी उकळून मरेल. अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावर जाऊ नका, स्कॅनर लावायला सांगा. आणि रस्त्यात दिवा लागला तर एसी, ब्लोअर, गाणी बंद करा, पण इंजिन बंद करू नका, परत सुरू होणार नाही. जवळचं गॅरेज गाठा. मात्र तापमानाचा काटा चढला तर लगेच थांबा. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो.

आता भांडणाचा मुद्दा.

मीटर तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्या पोराला तो लावता येत नाही, असं मी मानायला तयार नाही. मग लावत का नाहीत? एका गॅरेजवाल्या मित्राला हे विचारलं. तो भडकला. "भाऊ, अर्धा तास तपासून पट्टा ताणून दिला तर लोक म्हणतात, काय केलं तू, शंभर रुपये कशाचे? बॅटरी टाकली की न बोलता पाच हजार देतात. मला सांग, मी काय विकू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण अकलेचे पैसे देत नाही, सामानाचे देतो. डॉक्टरची तपासणी फी मुकाट देणारा माणूस मिस्त्रीला म्हणतो, नुसतं बघायचे कसले पैसे? मग तो न बघताच सांगतो.

पण म्हणून गॅरेजवाले सुटले असं नाही. न मोजता पाच-अकरा हजारांचं सामान गळ्यात मारणं ही मजबुरी नाही, लबाडी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. पण हातात बिल नसेल तर तिथे काय दाखवणार? माझ्याकडेही नव्हतं. आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनो, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ३१ वा नियम काढून वाचा. तुमच्या अभ्यासक्रमात वाहनाची यंत्रणा आणि दुरुस्ती हा भाग आहे. गिअर आणि क्लच दाखवून पोरं आरटीओसमोर उभी करता, डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दल किती जण बोलता?

माझी मागणी एवढीच. तालुक्यातल्या प्रत्येक गॅरेजने चार्जिंग तपासणीचा दर भिंतीवर लावावा, दीडशे ठेवा, दोनशे ठेवा. बिलावर तीन आकडे लिहावेत: इंजिन बंद, इंजिन चालू, सगळे दिवे लावून. ग्राहकाने ते पैसे कुरकुर न करता द्यावेत. जुनं सामान काढलं तर त्याला दाखवावं.

कॉमेंटमध्ये गॅरेजवाल्यांनी शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या, फक्त आपल्याकडे मीटर आहे की नाही तेही लिहा. मी एक विकत घेतलाय. रविवारी सकाळी आठ ते दहा बसस्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलजवळ असेन. ज्यांचा दिवा लागतोय त्यांनी गाडी घेऊन या. चहा तुमचा.