पदक गळ्यात, पण पगाराचं काय?

आज राजकारण नाही, क्रिकेटही नाही. आज बर्फावरची गोष्ट.

१४ एप्रिल २०१९. फिनलंडमधलं एस्पो शहर. महिला आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपदाची फायनल, फिनलंड विरुद्ध अमेरिका. तोवरच्या प्रत्येक फायनलमध्ये कॅनडा आणि अमेरिका हीच जोडी असायची. यंदा फिनलंडने सेमीफायनलमध्ये कॅनडाला ४-२ ने हरवून ती मक्तेदारी मोडली होती. गोलमध्ये उभी होती नोरा रॅटी. १९८९ साली याच शहरात जन्मलेली.

१-१ बरोबरी. जादा वेळेत फिनलंडच्या पेट्रा निएमिनेनने गोल मारला. खेळाडू एकमेकींच्या अंगावर, स्टेडियम डोक्यावर. मग पंचांनी व्हिडिओ पाहिला आणि अमेरिकेच्या गोलकीपरला अडथळा झाला म्हणत गोल रद्द केला. शूटआऊटमध्ये अमेरिका जिंकली. रॅटीने त्या सामन्यात ५० फटके अडवले होते.

या निर्णयावर आजही भांडता येईल. पण मला विचाराल तर रॅटीवरचा खरा अन्याय तो नव्हेच. पंचांची चूक एका रात्रीची असते. खरा अन्याय वर्षानुवर्षं चालू होता आणि त्याला व्हिडिओ रिव्ह्यू नव्हता.

बघा ना. २००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये ही मुलगी सोळा वर्षांची होती. आपल्याकडे या वयात दहावीचं टेन्शन असतं. २०१० मध्ये व्हँकुव्हरला कांस्य. मग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळताना २०१२ आणि २०१३ असं लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपद. त्यातल्या दुसऱ्या हंगामात संघ ४१ सामने खेळला आणि ४१ जिंकला.

आता सांगा, असा मुलगा असता तर? पदवी हातात पडायच्या आधी क्लबवाले करार घेऊन दारात उभे राहिले असते. रॅटीच्या दारात कुणी नव्हतं, कारण बायकांना पोटापुरता पगार देणारी लीगच अस्तित्वात नव्हती.

म्हणून २०१४ च्या सोची ऑलिम्पिकनंतर तिने जाहीरच केलं, बायकांसाठी व्यावसायिक लीग काढा, नाहीतर मी महिला हॉकी सोडते. वय चोवीस. आणि ती नुसती बोलली नाही. फिनलंडमधल्या पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये किएको-वान्ता या क्लबकडून जाऊन उभी राहिली. १७० ग्रॅमचा कडक रबराचा पक, मारणारे पुरुष, आणि समोर ही एकटी.

नंतर ती राष्ट्रीय संघात परतली. २०१८ ला प्योंगचांगमध्ये आणखी एक कांस्य. पण क्लब हॉकीसाठी ती गेली कुठे? थेट चीनला, कुनलुन रेड स्टारकडे. हा संघ कॅनडाच्या ज्या महिला लीगमध्ये खेळत होता, ती लीग बंद करण्याची घोषणा २०१९ च्या फायनलच्या जेमतेम दोन आठवडे आधी झाली. म्हणजे एकीकडे इतिहास घडत होता आणि दुसरीकडे दुकानाचं शटर खाली येत होतं.

शेवटही गोड नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिक संघात तिचं नाव नव्हतं. मुख्य प्रशिक्षकांशी तिचं पटत नाही, ही चर्चा उघड झाली होती. प्रामाणिकपणे सांगायचं तर तिच्याशिवायही फिनलंडने कांस्य जिंकलंच. त्यामुळे निवड चूक की बरोबर, हे मी इथे बसून ठरवणार नाही. मात्र तोंड उघडणारा खेळाडू व्यवस्थेला जड होतो, हे गावच्या क्रीडा मंडळापासून ऑलिम्पिकपर्यंत सगळीकडे सारखंच.

आता नेहमीचा प्रश्न येईल, ‘बघायला माणसं नाहीत, तर पैसे देणार कोण?’ उत्तर ऐका. १ जानेवारी २०२४ ला उत्तर अमेरिकेत महिलांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. त्याच एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलला एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. म्हणजे माणसं होती. मैदान उघडून देणारं कुणी नव्हतं.

रॅटीने मागितलं २०१४ ला, मिळालं २०२४ ला. मधली दहा वर्षं म्हणजे गोलकीपरच्या आयुष्यातली ऐन भराची वर्षं. ती तिला कुणी परत देणार नाही.

जाता जाता. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, भारताच्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया चषकात पहिल्यांदाच कांस्य जिंकलं. त्यातल्या बहुतेक लडाखच्या. अभिनंदनाच्या पोस्ट आपण सगळ्यांनी फिरवल्या, मीही फिरवली. या मुली सराव कुठे करतात आणि घर कशावर चालवतात, हे मात्र मीही विचारलं नव्हतं. पत्रकार असून.

पुढच्या वेळी पदकाचा फोटो शेअर करताना निदान तेवढा प्रश्न सोबत जोडूया.