'चालतंय ना?' की 'बरोबर चालतंय ना?'

आपल्या हॉस्टेलमध्ये ओव्हरक्लॉकिंगला शौर्यपदकाचा मान आहे! कुणी किती गिगाहर्ट्झ गाठले याच्या गप्पा मेसच्या रांगेत रंगतात. पण ते मशीन उत्तरं बरोबर देतंय का, हे विचारणारा विरळाच. माझं म्हणणं सरळ आहे. वेग वाढवा, जरूर वाढवा. पण जे तपासलेलं नाही त्याला 'स्टेबल' म्हणू नका. आणि अशा मशीनवर काढलेले प्रोजेक्टचे रिझल्ट तर सरांसमोर ठेवूच नका.

हा नाद काही आजचा नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. मल्टिप्लायर ४.५ वर लॉक, पण बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. स्वस्तात मस्त! आज बायोसमध्ये ढीगभर सेटिंग्ज आहेत आणि चुकायच्या वाटाही तितक्याच.

आमच्या विंगमधल्या एका मित्राचंच उदाहरण घ्या. त्याचा रायझन ५ ५६००एक्स. पठ्ठ्याने कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० दिला. सिनेबेंच दणक्यात पास, गेम्स झकास. फक्त रात्री मशीन नुसतं पडून असलं की आपोआप रीस्टार्ट! मग सुरू झाली वैद्यांची गर्दी. "लाइटच डाऊन आहे रे", "तुझा एसएमपीएस गेला", "विंडोज परत टाक, सगळं ठीक होईल". बिचाऱ्याने विंडोज दोनदा टाकलं, एसएमपीएसही नवा आणला. रोग रेड्याला, औषध पखालीला!

खरं तर मशीन रोज ओरडून सांगत होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी होत्या: 'कॅश हायरार्की एरर', आणि प्रत्येक वेळी एपीआयसी आयडी तोच. म्हणजे दुखणं एकाच कोअरचं. आता फुल लोडवर ते का दिसत नव्हतं? कारण सगळे कोअर राबत असतात तेव्हा क्लॉक थोडा खालीच राहतो. काम हलकं असतं तेव्हा एखादाच कोअर सर्वात वरच्या बूस्टवर उडी मारतो आणि नेमकं तिथेच कापलेलं व्होल्टेज कमी पडतं. आम्ही बायोस डीफॉल्टवर आणला. दोन रात्री शांततेत गेल्या. मग एक्सएमपी चालू करून फक्त मेमरी तपासली. मग एकेक कोअर. एकाला उणे ५, बाकीच्यांना उणे २०. रीस्टार्ट बंद! पद्धत एवढीच: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

रीस्टार्ट होणारं मशीन निदान प्रामाणिक तरी असतं हो. भीती वाटते ती न बोलता चुकणाऱ्याची. झिप उघडताना सीआरसी एरर आला की आपण डाउनलोडला शिव्या घालतो. पण मेमरीतला एखादा बिट उलटला आणि सिम्युलेशनमधला आकडा बदलला, तर सीआरसी कोण तपासणार? म्हणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. प्राइम९५ ची टॉर्चर टेस्ट लावा. ती उत्तर आधीच माहीत असलेली गणितं करून ताळा घेते. एकेका कोअरसाठी कोअरसायक्लर आहे. हे सगळं फुकट आहे, खर्च फक्त झोपेचा!

आणखी एक गणित आपल्याला दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. डायनॅमिक पॉवर ही व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर नेलं, तर पॉवर सुमारे ३९ टक्क्यांनी वाढते. ती उष्णता जाणार कुठे? खोलीतच! डिसेंबरात पास झालेलं सेटिंग मे महिन्यात पत्र्याखालच्या रूममध्ये पास होईलच असं नाही.

"मी ओव्हरक्लॉक करतच नाही", असं म्हणणाऱ्यांनीही हसू नये. एक्सएमपी चालू केलं की तेही ओव्हरक्लॉकिंगच. आणि २०२४ साली तर इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे कित्येक डेस्कटॉप प्रोसेसर काही न छेडताही क्रॅश होऊ लागले. जास्तीच्या व्होल्टेजला आवर घालायला कंपनीला मायक्रोकोड काढावा लागला. म्हणजे तपासणी ही फक्त हौशी मंडळींची गरज नाही.

सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. व्हायवामध्ये आम्हाला 'रिझल्ट काय आला?' हे विचारलं जातं. 'तो बरोबर आहे हे कशावरून?' हेही विचारा. ज्या मशीनवर रन घेतला त्याची सेटिंग्ज आणि चाचण्या यांचं एक पान प्रोजेक्ट रिपोर्टला जोडायला लावा, त्याला दोन मार्क ठेवा. मार्क असले की आम्ही सगळं करतो, हे तुम्हाला सांगायला नको!

उद्या आपल्यापैकी कुणी पुलाचा लोड काढेल, कुणी औषधाच्या पंपाचा कोड लिहील. तिथे 'चालतंय ना' म्हणून भागणार नाही. ताळा घ्यायची सवय आत्ताच, या साडेपाच हजारांच्या मदरबोर्डवर लावून घेतलेली बरी.