समतोलाचा काटा कोणाच्या हाती?

लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात, मे २०२४ मध्ये, मार्क्सवादी पक्षाचे सरचिटणीस सीताराम येचुरी यांच्या आकाशवाणी-दूरदर्शनवरील भाषणातून ‘जमातवादी हुकूमशाही राजवट’ या अर्थाचे शब्द वगळावयास लावण्यात आले. कारभाराच्या ‘दिवाळखोरी’ऐवजी ‘अपयश’ म्हणा, अशी सूचना झाली. फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना ‘मुसलमान’ हा शब्दच काढण्यास सांगण्यात आले. निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांचे पालन केले, असा खुलासा प्रसारभारतीतून आला. खुलासा खरा मानला, तरी ज्या नियमांनी विरोधकाला स्वतःच्या शब्दांत विरोधही करता येत नाही, त्यांना समतोलाचे नियम म्हणावे की मुस्कटदाबीचे?

पक्षांना आकाशवाणीवरून प्रचाराची संधी १९७७ च्या निवडणुकीपासून मिळू लागली. मान्यताप्राप्त पक्षांना काही वेळ समान व उरलेला मागील मतांच्या प्रमाणात, असे वाटप ठरले. कागदावर हा हिशेब चोख आहे. परंतु ही मोजकी मिनिटे वाट्याला येतात निवडणुकीच्या तोंडावर. एरवीची बातमीपत्रे कोणत्या तराजूत तोलायची? ऑक्टोबर २०१४ पासून पंतप्रधानांची ‘मन की बात’ दरमहा सर्व देशाला ऐकविली जाते. तिला उत्तर देण्यासाठी विरोधी पक्षनेत्याला पाच मिनिटेही नेमून दिलेली नाहीत. एका पारड्यात वर्षानुवर्षे वजने टाकावयाची आणि दुसऱ्यात निवडणुकीपुरता चिमूटभर वेळ, यालाच समतोल म्हणतात!

मालाचा पुरवठा एकाच्याच हाती असला, की भाव व प्रत तोच ठरवितो. बातमीचेही तसेच आहे. २०११ च्या धोरणाने खासगी एफ.एम. केंद्रांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्याची मुभा दिली. स्वतःच्या बातम्यांची नाही. सामुदायिक केंद्रांनाही हाच निर्बंध. धनिकांच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी अहोरात्र बातम्या द्याव्यात. शेतमजूर स्त्रियांच्या केंद्राने मात्र गावच्या रेशन दुकानातील अफरातफरीची बातमी देऊ नये, हा कोणता न्याय?

मग नियमच नकोत, असे बाजारवादी म्हणतील. अमेरिकेने तो प्रयोग केला आहे. सार्वजनिक प्रश्नांच्या भिन्न बाजू मांडण्याचे १९४९ पासून चालत आलेले बंधन तेथे १९८७ मध्ये रद्द झाले. पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा एकतर्फी कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि उजव्या प्रचाराची नभोवाणी फोफावली. सरकारी मक्तेदारीच्या जागी भांडवलाची मक्तेदारी, ही सुटका नव्हे.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे न्या. पी. बी. सावंत व न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बजावले. प्रसारभारतीचा कायदा १९९० चा. तो अमलात येण्यास १९९७ उजाडले. त्यातही कलम २३ ने निर्देशांचा अधिकार सरकारकडेच राखला आणि अनुदानाची थैलीही त्याच्याच हाती राहिली. थैली ज्याची, स्वायत्तता त्याची!

म्हणून समाजवाद्यांची मागणी तीन पदरी हवी : संसदेला जबाबदार, पण मंत्रालयापासून मुक्त नियामक, सत्ताधाऱ्यांच्या प्रत्येक राजकीय भाषणाला उत्तराचा हक्क, आणि सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्यांचे स्वातंत्र्य. प्रचारवेळेची मिनिटे वाढवून मागणे ही भीक ठरेल. मालमत्ता जनतेची आहे. जनतेने मालकाच्या आवाजात बोलावे.