भेग म्हणा, फाटलं म्हणू नका

मुनीमजींची गादी फाटली, ही बातमी सोमवारी धर्माबादच्या मोंढ्यात आली आणि मिरचीच्या भावासारखी दुकानोदुकानी फिरली. गादी म्हणजे आडतीतली नव्हे, पाठीतली. भेटायला गेलो तर ते सतरंजीवर उताणे पडून नांदेडहून आणलेली एमआरआयची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून बघत होते. रिपोर्टात एका ओळीखाली निळ्या पेनाची रेघ होती : एल-४ एल-५, अ‍ॅन्युलर टेअर. टेअरचं मराठी त्यांच्या लेकरानं केलं होतं. "फाटलंय म्हणलालेत सर, आता वाकायचं नाही." मोजेसुद्धा दुसऱ्यानं घालायचे.

पाठ दुखत होती त्याला महिना झाला होता आणि ती उताराला लागली होती, हेही तेच सांगत होते. माणूस झोपला तो त्या एका शब्दामुळं. याच गोष्टीचा मला संताप येतो.

बरं, हा शब्द तज्ज्ञांनाही नको आहे. अमेरिकेतल्या मणक्याच्या आणि रेडिऑलॉजीच्या संघटनांनी २०१४ साली सुधारित शब्दावली छापली. तिच्यात टेअरऐवजी फिशर म्हणा असं आहे, कारण टेअर म्हटलं की कसला तरी मार बसला असं वाटतं. फिशर म्हणजे आपली भेग. आणि भेग काय असते हे धर्माबादच्या माणसाला शिकवायला अमेरिका कशाला?

मे महिन्यात काळ्या रानात जा. हात मनगटाच्या वर आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. रानावर कुणी कुऱ्हाड चालवलेली नसते, पाणी आटलेलं असतं एवढंच. चकतीचंही, म्हणजे मणक्यांमधल्या त्या गादीचंही, बरंचसं असंच. बाहेर चिवट धाग्यांचे पंधरा-पंचवीस थर, एकाची वीण दुसऱ्याला तिरकी, आणि आत गर. तरुणपणी त्या गरात बहुतांश पाणीच असतं. वय वाढतं तसं ते कमी होतं आणि थरांना भेगा पडतात. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे फोटो जमेला धरून २०१५ साली एक हिशेब निघाला. त्यात विशीतल्या १९ टक्क्यांना अशी भेग होती, ऐंशीच्या घरातल्या २९ टक्क्यांना. फुगलेली चकती तर पन्नाशीतल्या ६० टक्क्यांना. मुनीमजी अठ्ठावन्न वर्षांचे. फिल्म कोरी निघाली असती तर बातमी झाली असती!

भेगाळलं म्हणून रान पडीक टाकणारा शेतकरी मला दाखवा. तो नांगर धरतो.

इथं रानाची उपमा सोडावी लागते. मृग बरसला की रानाची भेग बुजते. चकतीला असा मृग नाही. आतल्या भागाला चेतातंतू जवळपास नसतात, म्हणून तिथली भेग कळतही नाही. बाहेरच्या थरापर्यंत आली तर ठणकू शकते. गर बाहेर येऊन नस दाबली तर पायात कळ जाते. तरीही बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं आणि फिल्मवरची भेग तशीच राहू शकते. चकतीला रक्तपुरवठाही जवळजवळ नाही. दाब पडणं-सुटणं यावरच तिचं पाणी आत-बाहेर होतं. रात्री ती पाणी ओढते, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. दिवसचे दिवस पडून राहणं हा तिच्यावर उपाय नव्हे.

मोंढ्यातल्या एका हमालालाही याच महिन्यात उसण भरली. त्यानं पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, बाईचा पाय पाठीला लावून घेतला आणि तिसऱ्या दिवशी कामावर आला. पायाळूनं बरं झालं असं मी म्हणत नाही. पण पाय लावणारीनं त्याला "फाटलंय" म्हणून घरी तर बसवलं नाही.

आता हमालाच्या पाठीवरच्या पोत्याचं. पाठ झिजते ती त्या ओझ्यानंही, हे माझं म्हणणं. मागे लिहिलं तेव्हा काही आडत्यांनी फोनवर झापलं होतं, तरी पुन्हा लिहितो. हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९चा. क्विंटलचं पोतं पाठीवरून उतरायला किती वर्षं गेली ते जुन्या हमालांना विचारा. युरियाची गोणी २०१८पासून ५०ची ४५ किलो झाली, तीही खत कमी वापरावं म्हणून. हमालाची पाठ कुणाच्या हिशेबात नव्हती. फिनलंडमधल्या ११५ जुळ्या भावांच्या जोड्यांवरचा १९९५चा अभ्यास सांगतो की चकतीची झीज ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेवर जास्त ठरते. माझ्या म्हणण्याला हा धक्काच आहे. असू दे. त्या भावांनी आमच्या मोंढ्यात एक हंगाम काढला नव्हता.

मुनीमजींना मी मोजे स्वतः घालायला लावले. दोन मिनिटं लागली, शिव्या मलाच बसल्या.

मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, चालताना पंजा उचलेना आणि चप्पल निसटू लागली, तर ना भेग म्हणत बसा ना पायाळू शोधा. त्याच रात्री गाडी काढून नांदेड गाठा.