फुकट, पण कोणाच्या खर्चाने?

इन्सुलिन बंद करून चार दिवस झालेला मधुमेहाचा रुग्ण तातडीच्या विभागात येतो. श्वास जोरजोरात चाललेला असतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असतो आणि रक्तातली साखर चारशेच्या पुढे गेलेली असते. नातेवाइकांकडे चौकशी केली की कळते, मोबाइलवर ‘मधुमेह मुळापासून बरा’ करणारा व्हिडिओ पाहण्यात आला होता. व्हिडिओ फुकट होता. त्यानंतरचे अतिदक्षता विभागातले तीन-चार दिवस मात्र फुकट नसतात. सरकारी रुग्णालयात ते बिलावर दिसत नाहीत, एवढेच. अशा रुग्णाची नोंद ‘केटोॲसिडोसिस’ म्हणून होते. ‘चुकीची माहिती’ असा रकाना केसपेपरवर नाही.

यावर ‘इंटरनेटवर काही शोधूच नका’ हा सल्ला सोपा आहे आणि निरुपयोगीही. शंभर-सव्वाशे रुग्णांच्या ओपीडीत डॉक्टर एकेकाला दोन-तीन मिनिटे देऊ शकतो. उरलेले प्रश्न घेऊन माणूस घरी जातो आणि मुलाच्या जुन्या संगणकावर किंवा मोबाइलवर शोध घेतो. तो घेणारच आणि त्याने तो घ्यावाही, कारण आज उत्तम माहिती आणि उत्तम सॉफ्टवेअर खरोखरच विनामूल्य मिळते. अडचण निवडीची आहे. आणि निवडीसाठी संगणकाच्या पदवीची गरज नाही. एक प्रश्न विचारायचा : हे फुकट देणाऱ्याचे पोट कशावर चालते?

पहिला प्रकार सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या साधनांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 1998 मध्ये सामान्य लोकांसाठी ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ सुरू केले. आजार, तपासण्या आणि औषधे यांची सोप्या इंग्रजीत माहिती तिथे मिळते. पानावर जाहिरात नसते आणि माहिती केव्हा तपासली ती तारीख असते. याच ग्रंथालयाचे ‘पबमेड’ 1997 पासून सर्वांना खुले आहे. जगभरातल्या कोट्यवधी वैद्यकीय लेखांच्या नोंदी त्यात आहेत. एखादा उपचार खरेच उपयोगी पडतो का, हे पाहायचे असेल तर ‘कॉक्रेन’ या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश मोफत वाचता येतात. त्यात अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासलेले असतात; एका माणसाला गुण आला, एवढ्यावर तिथे भागत नाही.

आपल्याकडेही करदात्यांच्या पैशातून उभी राहिलेली साधने थोडीथोडकी नाहीत. ‘औषध महाग आहे’ ही ओपीडीत रोज ऐकू येणारी तक्रार. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर औषधाचे नाव टाकले, की मूल्यनियंत्रणाखालील औषधाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत दिसते. ‘जनऔषधी सुगम’ हे ॲप जवळचे जनऔषधी केंद्र दाखवते आणि जेनेरिक व ब्रँडेड औषधाच्या किमती शेजारी शेजारी मांडते. रक्ताची गरज पडली, की कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा साठा आहे हे ‘ई-रक्तकोष’वर पाहता येते. अनेक सरकारी रुग्णालयांतल्या तपासणीची वेळ केंद्र सरकारच्या ऑनलाइन नोंदणी सेवेतून घरबसल्या घेता येते. 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’वर दूरच्या डॉक्टरशी बोलून सल्ला मिळतो. मनाच्या दुखण्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ची 14416 ही टोल-फ्री सेवा आहे, ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

या साधनांची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, न थांबणारा रक्तस्राव किंवा श्वास अपुरा पडणे या गोष्टी पडद्यावर शोधायच्या नसतात. तिथे 108 फिरवायचा आणि निघायचे.

दुसरा प्रकार स्वयंसेवकांच्या आणि देणग्यांच्या बळावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याला जेनेरिक औषधाची उपमा बऱ्यापैकी लागू पडते : काम तेच, मोठ्या नावाची किंमत नाही. पत्र, हिशेब आणि सादरीकरण यांसाठी ‘लिबरऑफिस’ आहे, ते मराठीतही वापरता येते. चित्रफिती पाहण्यासाठी ‘व्हीएलसी’ आहे, त्याची सुरुवात फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. या दोन्हींचा मूळ कोड खुला असतो. आत काय घातले आहे हे कोणाही जाणकाराला तपासता येते. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापलेली असावीत, तसेच हे.

यातले एक साधन तर डॉक्टरांनी लिहून द्यावे असे आहे. मधुमेहाने पडदा खराब होऊन किंवा काचबिंदूने ज्यांची दृष्टी गेली, त्यांच्याशी डॉक्टर लेझर, इंजेक्शन, शस्त्रक्रिया यांविषयी बोलतात आणि ‘आता फार सुधारणा होणार नाही’ इथे येऊन थांबतात. त्यापुढे ‘एनव्हीडीए’ सुरू होते. विंडोज संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे हे सॉफ्टवेअर आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते घडवले. करन यांनी 2006 मध्ये कामाला सुरुवात केली. अशा कामाची व्यावसायिक सॉफ्टवेअर हजारो रुपयांना मिळतात, एनव्हीडीए मात्र विनामूल्य आहे आणि त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. चाळिशीत दृष्टी गेलेल्या कारकुनाला किंवा शिक्षिकेला हे नाव वेळेवर कोणी सांगितले, तर नोकरी टिकू शकते. नेत्रविभागाबाहेर ते किती जणांना सांगितले जाते, हा प्रश्न ज्या त्या रुग्णालयाने स्वतःला विचारावा.

तिसरा प्रकार जाहिरातीवर आणि वापरणाऱ्याच्या माहितीवर जगणाऱ्यांचा. तो सरसकट वाईट नाही. पण इथे किंमत पैशात मोजली जात नाही. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या ॲपने गोपनीयतेचे आश्वासन देऊनही वापरकर्त्या स्त्रियांच्या आरोग्याची माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना पुरवली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता. 2021 मध्ये कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. पाळी, गर्भधारणा, नैराश्य, एचआयव्ही या गोष्टी जी स्त्री किंवा जो पुरुष शेजाऱ्यालाही सांगत नाही, त्या ॲपला सहज सांगितल्या जातात. रक्तदाब नोंदवणाऱ्या ॲपला फोनमधल्या संपर्क यादीची परवानगी कशाला लागते, हा साधा प्रश्न तिथे विचारायला हवा. वहीत तारीख घालून लिहिलेला रक्तदाब डॉक्टरला तितकाच उपयोगी असतो.

चौथा प्रकार चोरीचा. दुकानदार ‘सगळे टाकून देतो’ म्हणत कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर संगणकात भरून देतो, तेव्हा त्याबरोबर आणखी काय आत आले हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाय चोरी उघडी पडू नये म्हणून अद्ययावत करण्याची सोय बंद केलेली असते. सुरक्षेचे अपडेट म्हणजे लसीची मात्रा आहे आणि ती चुकवली की काय होते, हे 12 मे 2017 रोजी दिसले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतले संगणक बंद पाडले. हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, काही रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती अनेक संगणकांवर घातलीच गेली नव्हती. घरच्या संगणकाचेही तेच. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज 11 चालत नाही, त्यावर ‘लिनक्स मिंट’सारखी विनामूल्य प्रणाली घालता येते. चोरीच्या प्रतीपेक्षा ती केव्हाही बरी.

चांगले सॉफ्टवेअरही चुकीच्या दारातून घेतले तर बाधते. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारे नाव अनेकदा पैसे देऊन तिथे बसवलेले असते. त्यावर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. सरकारी सेवेचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो, ही अक्षरे मध्येच कुठेतरी असणे पुरेसे नाही. व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल, मग ती अपॉइंटमेंटच्या नावाने येवो की योजनेच्या, उघडू नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे. तासांचा उशीर झाला की पैसे अडवणे अवघड होते.

आरोग्याच्या कोणत्याही पानासमोर चार गोष्टी पाहायच्या : लिहिणारा कोण, लिहिले केव्हा, शेवटी काही विकायला काढले आहे का आणि ‘चालू औषध बंद करा’ असे सांगितले आहे का. चौथ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर पान तिथेच बंद करावे. औषध कमी करायचे की थांबवायचे, हे रुग्ण समोर असताना ठरते.

पण सगळा भार वाचणाऱ्यावर टाकून चालणार नाही. भरवशाची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे आणि ‘मुळापासून बरा’ करणारे व्हिडिओ अस्खलित मराठीत आहेत. लोक मराठीत ऐकतात, यात त्यांचा दोष नाही. मराठी विश्वकोशाचे खंड सार्वजनिक पैशातून तयार झाले आणि आज ते जालावर कोणालाही मोफत वाचता येतात. म्हणजे हे काम आपल्याला जमत नाही, असे म्हणायला जागा नाही. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी नेहमीच्या पन्नास आजारांची तपासलेली, तारीख घातलेली मराठी पाने तयार करून खुली केली, तर त्याला नव्या इमारतीची गरज नाही. तसेच, रुग्णालयाचा अधिकृत दूरध्वनी क्रमांक सहज सापडत नसेल, तर ती रिकामी जागा भामटा भरून काढतो. तो क्रमांक ठळक छापणे हे प्रशासनाचे काम आहे.

सुरुवात तर उद्याही करता येईल. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरची मागची बाजू बहुतेक वेळा कोरी असते. तिथे 108, 14416 आणि 1930 हे तीन क्रमांक, चार-पाच विश्वासार्ह ॲपची नावे आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन बंद करू नका’ हे एक वाक्य मराठीत छापायला किती खर्च येतो? अतिदक्षता विभागातल्या एका खाटेच्या एका दिवसापेक्षा नक्कीच कमी.