आलेख काढता येतो, पण वाचता येतो का?

दहावीच्या पेपरात आलेखाचा प्रश्न दिसला की मुले खूश होतात. प्रमाण लिहा, बिंदू घ्या, पट्टीने जोडा, टोकांना बाण काढा, गुण पक्के. पण ही रेषा नेमकं काय सांगते, हे वर्गात क्वचितच विचारलं जातं. माझं म्हणणं असं की आलेख काढणं ही हातसफाई आहे, तो वाचणं ही साक्षरता आहे. आणि या साक्षरतेची सर्वात जास्त गरज आपल्याला आहे.

जनगणनेचे आकडे घ्या. देशात अनुसूचित जातींची साक्षरता १९९१ मध्ये ३७.४१ टक्के, २००१ मध्ये ५४.६९ आणि २०११ मध्ये ६६.०७. एकूण लोकसंख्येची याच वर्षांत ५२.२१, ६४.८४ आणि ७२.९९. एक्स-अक्षावर वर्ष, वाय-अक्षावर टक्के. फलनाची अट अशी की एक्सच्या एका किमतीला वायची एकच किंमत. इथे एका वर्षाला दोन किमती आहेत, म्हणजे रेषाही दोन हव्यात.

राजकारण इथेच सुरू होतं. फक्त आपली रेषा दाखवली तर ती झरझर वर जाते. लगेच प्रश्न येतो, "आता आरक्षण कशाला?" दुसरी रेषा शेजारी काढा. मधलं अंतर १४.८०, मग १०.१५, मग ६.९२. अंतर घटलं, पण मिटलं नाही. शिवाय एकूण लोकसंख्येत आपणही मोजलेलो आहोत. आपल्याला वगळून इतरांची रेषा काढली, तर ती आणखी वर जाईल आणि अंतर वाढेल.

आता चढ पाहा. पहिल्या दशकात आपली वाढ १७.२८ अंकांची, दुसऱ्या दशकात ११.३८. रेषा वरच जाते आहे, पण चढ कमी झाला आहे. 'वाढ मंदावली' आणि 'घट झाली' ही दोन वेगळी विधानं आहेत. आपल्या भाषणांतही हा घोळ होतो, तो थांबवायला हवा. आणि रेषा २०११ ला संपते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यापुढे रेषा ओढणारा माहिती देत नाही, अंदाज सांगतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, आमचा अनुभव पुरेसा आहे, आकडे कशाला? अनुभव खराच आहे. पण समोरचा आलेख घेऊन येतो तेव्हा नुसत्या अनुभवाला तो 'अपवाद' ठरवून मोकळा होतो. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात चलनाचा प्रश्न किमतींच्या आणि विनिमय दरांच्या कोष्टकांनिशी मांडला. तो वारसा आपलाच आहे.

म्हणून विहारातल्या अभ्यासवर्गात दर रविवारी एक आलेख घ्या आणि पाच प्रश्न विचारा. अक्षांवर काय मोजलंय? वाय-अक्ष शून्यापासून सुरू होतो का? चढ कुठे बदलतो? रेषा कुठे संपते? आणि कोणती रेषा काढलेलीच नाही?

शेवटचा प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याला फसवणं अवघड आहे.

जय भीम!