परवानगी कायद्याची, पारख शरीराची

‘परदेशात चालते, मग आपल्याकडेच बंदी का?’ हा प्रश्न हल्ली उंब्रजमध्येही कानावर येतो. पुण्या-मुंबईला शिकणारी आपली मुले सुट्टीत गोव्याला जातात. एलएसडीचा कागद, भ्रम निर्माण करणारी अळंबी यांविषयी ऐकून येतात. कोणत्या देशात काय चालते, याची यादी त्यांना पाठ असते. आई-वडिलांकडे मात्र उत्तर नसते. म्हणून आज ही यादीच जरा तपासून पाहू.

आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे. एलएसडी आणि अळंबीतील सायलोसिबिन हे दोन्ही पदार्थ त्याच्या यादीत आहेत. एलएसडी 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे चिमूटभर साखरेहूनही कमी सापडले, तरी ते व्यापारी प्रमाण ठरते. त्याची शिक्षा 10 ते 20 वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड.

आता बाहेर पाहू. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून सायलोसिबिनला परवानगी दिली. पण कोणाला? इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या रुग्णाला, तेही खास अधिकार मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडूनच. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने 2020 साली मतदान घेऊन वाट मोकळी केली. तिथे 21 वर्षांवरील माणसाला परवानाधारक केंद्रात बसून, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली ते घेता येते, घरी नेता येत नाही. पोर्तुगालने 2001 साली स्वतःपुरता थोडा साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही, पण विक्री गुन्हाच ठेवली. नेदरलँड्सची तर गंमतच आहे. तिथे डिसेंबर 2008 मध्ये अळंबीवर बंदी आली, पण त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी यादीतून सुटल्या. आत द्रव्य एकच!

यावरून एवढे कळते, की कायदा आणि शरीर यांचे हिशेब वेगळे असतात. आपल्या दारातलेच उदाहरण घ्या. शेताच्या बांधावर, उकिरड्यावर धोतरा उगवतो. महादेवाला आपण तो वाहतो. अमली पदार्थांच्या यादीत तो नाही. पण त्याचे बी पोटात गेले, तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास दगावूही शकतो. बंदी नाही म्हणून धोतरा निर्धोक होत नाही. तसेच ऑस्ट्रेलियात परवानगी आहे म्हणून गोव्यात अनोळखी माणसाने दिलेला कागद औषध होत नाही. त्यात नेमके काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. घराण्यात स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असेल, तर असा एकच प्रयोग मोठे दुखणे उभे करू शकतो.

तरीही आपला कायदा आहे तसाच राहावा, असे माझे मत नाही. केटामाइन 2011 पासून याच कायद्याच्या यादीत आहे, तरी भूल देण्यासाठी डॉक्टर ते वापरतातच. मग सायलोसिबिनवरही मोठ्या रुग्णालयांत, कडक देखरेखीखाली संशोधन व्हावे. नैराश्याचे रुग्ण आपल्याकडेही कमी नाहीत. विकणारा आणि आजारी पडलेला, यांना मात्र एकाच मापाने मोजू नये. तशी सोय कायद्यात आजही आहे. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर कलम 64 अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. हे कलम पालकांपर्यंत पोहोचलेले नाही, याची मला खंत वाटते.

तेव्हा पालकांनो, मूल भेदरले असेल, नसलेले दिसते-ऐकू येते म्हणत असेल, तर मारू नका, कोंडून ठेवू नका. देवऋषाकडे नेण्यात वेळ दवडू नका. शांत जागी बसवा, एकटे सोडू नका आणि सरळ दवाखाना गाठा. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. लपवल्याने उपचार चुकतात. मनाच्या तक्रारींसाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. अब्रूच्या भीतीने गेलेला एक तासही महाग पडू शकतो.